भाषणाचा युवा क्लब चालवताय? या चुका टाळा

गोव्यात भाषणाचा क्लब सुरू करणं तसं अवघड नाही. देवळाची अग्रशाळा मिळते, पंचायतीचा हॉल मिळतो, एखादे निवृत्त सर आनंदाने तयार होतात, आणि जूनमध्ये पाऊस आणि शाळा दोन्ही सुरू झाल्या की पहिल्या रविवारी पंचवीसेक मुलं येतातच. खरी अडचण येते ती गणेश चवथीनंतर. सुट्टी संपते आणि क्लबमध्ये सात-आठ जण उरतात, आणि तेही बहुतेक असे की ज्यांना आधीपासूनच बोलता येत होतं. मग सगळे म्हणतात आजकालच्या मुलांना इंटरेस्टच नाही, मोबाईल सोडवत नाही. मला हे अजिबात पटत नाही. मुलं येईनाशी होतात कारण भाषणाच्या क्लबमध्ये त्यांना बोलायलाच मिळत नाही, आणि जेव्हा मिळतं तेव्हा असं काहीतरी होतं की परत उभं राहावंसं वाटत नाही.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: मोठ्यांनीच बोलत राहणं

जरा हिशोब करूया. क्लब दीड तासाचा, मुलं २५. स्वागत, दीपप्रज्वलन, पाहुण्यांची ओळख यात पंधरा मिनिटं गेली, पाहुणे "वक्तृत्व म्हणजे काय" यावर अर्धा तास बोलले, शेवटी आभार आणि सूचना दहा मिनिटं. उरली ३५. एकेकाला तीन मिनिटं दिली तरी अकराच मुलं बोलणार, आणि एकाने खुर्चीतून उठून पुढे यायचं, दुसऱ्याने परत जायचं हा वेळ धरला तर आठ-नऊच. म्हणजे उरलेली सोळा मुलं दीड तास बसून घरी गेली. असं सलग दोन-तीन रविवार झालं तर ती कशाला येतील?

उपाय साधा आहे, पाच-पाच जणांचे गट करा आणि हॉलच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये असे पाच गट एकाच वेळी चालू द्या. प्रत्येकाने दोन मिनिटं बोलायचं, एक मिनिट बाकीच्यांनी सांगायचं. पंधरा मिनिटांत पंचवीसच्या पंचवीस मुलं बोलून झाली! आवाजाचा गोंधळ होतो, होऊ दे, शेजारच्या गटावर मात करून आपलं म्हणणं पोचवायचं म्हणजे आवाज आपोआप उघडतो. पाहुणे बोलवायचेच असतील तर त्यांना भाषण द्यायला नाही, एका गटात ऐकायला बसवा.

टोस्टमास्टर्स नावाचे भाषणाचे क्लब जगभर चालतात त्यामागे हीच युक्ती आहे. राल्फ स्मेडली यांनी १९२४ साली कॅलिफोर्नियात सांता अ‍ॅनाला वायएमसीएमध्ये पहिला क्लब सुरू केला, आणि तिथे शिकवणारा शिक्षक असा कोणी नसतो, सदस्यच एकमेकांचं ऐकतात आणि एकमेकांना सांगतात. एकजण टायमर, एकजण "अं... म्हणजे... ॲक्च्युअली" किती वेळा आलं ते मोजणारा, एकजण भाषेकडे लक्ष देणारा. त्यांचं सदस्यत्व १८ वर्षांच्या पुढेच मिळतं, शाळकरी मुलांसाठी गॅव्हल क्लब नावाचा वेगळा प्रकार आहे. पण ही कामं वाटून द्यायची पद्धत आपल्या गावच्या क्लबमध्ये वापरायला कुणाशी जोडून घ्यायची गरज नाही. हिरवा, पिवळा, लाल असे तीन पुठ्ठे कापा. ऐनवेळच्या विषयावर दोन मिनिटं बोलायचं असेल तर एक मिनिटाला हिरवा, दीडला पिवळा, दोनला लाल. जो मुलगा बोलायला लाजतो त्याला पहिल्या दिवशी टायमर करा, म्हणजे त्याला काम मिळतं आणि शेवटी वेळ वाचून दाखवायला म्हणून दोन वाक्यं सगळ्यांसमोर बोलावीच लागतात.

"आधी शुद्ध बोल"

यावर मला जास्त लिहायचंय, कारण आपल्याकडे मुलं गप्प होण्याचं हे मोठं कारण आहे आणि ते करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो.

आपल्या मुलाची परिस्थिती बघा. घरात कोकणी, प्राथमिक शाळा मराठी, पाचवीपासून सगळे विषय इंग्लिशमध्ये, मोबाईलवर हिंदी. अशा मुलाला आपण उभं करतो आणि मराठीत बोल म्हणतो. तो सांगायला लागतो, "काल माझी बहीण मुंबईहून आयली..." आणि पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणतं "आयली नाही, आली!" सगळा हॉल हसतो. त्याला बहिणीबद्दल काहीतरी चांगलं सांगायचं होतं ते तिथेच संपलं. पुढच्या रविवारी तो येत नाही आणि कारण विचारलं तर ट्यूशन आहे म्हणतो.

त्यामुळे आमच्याकडे पहिला नियम हाच आहे की बोलत असताना कोणीही कोणाला दुरुस्त करायचं नाही, सरांनी पण नाही. पहिले दोन महिने कोकणी, इंग्लिश, हिंदी जे मध्ये येईल ते येऊ दे. मग हळूहळू असं करा: जे सांगायचंय ते आधी शेजारच्या मित्राला कोकणीत सांग, जसं घरी सांगतोस तसं, लगेच त्यातले पाच शब्द चिठ्ठीवर मराठीत लिही, आणि तेच परत मराठीत सांग. दुसऱ्या वेळी मुलगा विषय शोधत नसतो, फक्त शब्द शोधत असतो, त्यामुळे ओझं अर्धं होतं. दुरुस्ती करायचीच तर भाषणानंतर, चिठ्ठीवर, आणि दोनच शब्दांची. चिठ्ठी त्याच्या हातात द्या, मोठ्याने वाचू नका.

आणि एक विनंती आहे. मराठी-कोकणीचा वाद क्लबमध्ये आणू नका. १९८७चा राजभाषा कायदा, कोकणी राजभाषा आणि मराठीचाही सरकारी कामकाजात वापर, यावर मोठ्यांची मतं असणारच, माझंही आहे. पण चौदा वर्षांच्या मुलीने "मी"ऐवजी कोकणीतलं "हांव" म्हटलं म्हणून तिला कुठल्या बाजूची ते ठरवणं हा अन्याय आहे.

भाषण म्हणजे नाटक नव्हे

ही चूक खास आपल्याकडची. गोव्यात गावागावात देवळाच्या उत्सवाला नाटक होतं, मुलांनी लहानपणापासून तालमी बघितलेल्या असतात, कित्येक जण स्वतः उभे राहिलेले असतात, आणि क्लबमध्ये शिकवायला पण बऱ्याचदा नाटकातलेच लोक येतात. याचा फायदा खूप आहे, मुलांना स्टेजची भीती कमी असते, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचा असतो हे त्यांना माहीत असतं. पण नुकसान असं की भाषणसुद्धा संवाद म्हणून म्हटलं जातं. ठरलेल्या शब्दावर हात वर, ठरलेल्या शब्दावर मूठ छातीवर, नजर समोरच्या माणसावर नाही तर वरच्या पंख्यावर, आणि मनात कुठेतरी विंगेत प्रॉम्प्टर आहे असा भरवसा. प्रॉम्प्टर नसतो, आणि मग तिसऱ्या परिच्छेदात सगळं थांबतं.

यावर उपाय म्हणजे मुलाला भाषणाच्या मध्येच खऱ्या माणसाला खरा प्रश्न विचारायला लावा. "तुमच्यापैकी किती जण कदंबाच्या बसने आलात?" हात वर झाले की त्याला मोजावे लागतात, त्यावर काहीतरी बोलावं लागतं, आणि तेवढ्यात आवाज नॉर्मल होतो, चेहरा माणसाचा होतो. हातांचं काय करायचं हा प्रश्न हमखास येतो. काही करायचं नाही, बाजूला राहू देत, बोलण्यात जीव आला की ते आपोआप हलतात. ऐकायला शिकवायचं असेल तर मुलांना चांगल्या कीर्तनाला न्या, कीर्तनकार निरूपणातून आख्यानात कसा शिरतो आणि कुठे थांबतो ते बघायला सांगा.

पाठांतर, आणि मध्येच सगळं विसरणं

"सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" इथून सुरुवात, मग आईने किंवा बाईंनी लिहून दिलेली दोन पानं. यात एक शब्द निसटला की पुढची सगळी साखळी तुटते, कारण मुलाला विषय माहीत नसतो, फक्त शब्दांचा क्रम माहीत असतो. त्यामुळे लिहून आणलेलं भाषण क्लबमध्ये घेऊच नका. तीन मिनिटांना साधारण ३०० ते ३५० शब्द पुरतात, पण ते लिहायचे नाहीत, पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच मुद्दे, मोठ्या अक्षरात. पाठ करायचं ते फक्त पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक. सुरुवात पक्की असली की पहिली धडधड ओसरेपर्यंत तोंड चालू राहतं, आणि शेवट पक्का असला की "एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो" म्हणत पळायची वेळ येत नाही.

तरीही विसरलं तर? आपलंच शेवटचं वाक्य परत एकदा हळू म्हणायचं, ऐकणाऱ्याला ते मुद्दाम केल्यासारखंच वाटतं. तरी आठवलं नाही तर सरळ कागद बघायचा. सॉरी म्हणायचं नाही. क्लबमध्ये याची मुद्दाम प्रॅक्टिस घ्या, बोलता बोलता मध्येच थांबवा, दहापर्यंत मनात मोजायला लावा आणि परत चालू करायला सांगा. शांततेत उभं राहता येतं हे एकदा अंगाला कळलं की विसरण्याची भीती निम्मी जाते.

विषय पण बदला हो. "मोबाईल शाप की वरदान" किती वर्षं? साखळी-डिचोलीच्या मुलाला खाण बंद झाल्यावर घरात काय बदललं यावर बोलू दे, वाळपईच्या मुलीला म्हादई नदीवर. ऐनवेळी बोलायला मानकुराद की हापूस द्या, कोणी गप्प बसत नाही.

"घाबरू नकोस" म्हणणं

हे वाक्य काही उपयोगाचं नाही. छातीत धडधड, तोंडाला कोरड, हात थंड हे सगळं शरीरात अ‍ॅड्रेनालिन वाढल्यामुळे होतं, सांगून थांबत नाही. करता येतं ते एवढंच की उठण्याआधी तीन-चार वेळा श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर जास्त लांबवर सोडायचा आणि घोटभर साधं पाणी प्यायचं, बर्फाचं नको. आणि मुलांना एक गोष्ट सांगा जी खरंच मदत करते: आपली घाबरगुंडी आपल्याला जेवढी वाटते तेवढी समोरच्याला दिसत नाही. सॅविट्स्की आणि गिलोविच या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले, ज्यांना ही गोष्ट आधी समजावून सांगितली होती त्यांची भाषणं जास्त चांगली झाली. क्लबमध्ये हे तपासता येतं. बोलणाऱ्याने स्वतःच्या भीतीला दहापैकी मार्क द्यायचे, ऐकणाऱ्यांनी वेगळे द्यायचे, मग दोन्ही शेजारी ठेवून बघायचे.

बोलताना अडखळणारं मूल असेल तर त्याचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही, "हळू बोल, रिलॅक्स" पण म्हणायचं नाही. नजर शांत ठेवून थांबायचं. त्याला वेळेच्या पुठ्ठ्यातून सूट द्या, आणि आई-वडिलांना स्पीच थेरपिस्टबद्दल बाजूला घेऊन सांगा, सगळ्यांसमोर नको.

"छान बोललास" आणि त्याच्या उलट टोक

छान बोललास याने काही कळत नाही, आणि चुकांची दहा कलमी यादी दिली की मुलगी मान खाली घालते. एक गोष्ट जमली ती नेमकी, एक गोष्ट पुढच्या वेळी करायची ती नेमकी, बस. "आजीच्या गोष्टीला तू थांबलीस तेव्हा सगळे ऐकत होते. पुढच्या वेळी शेवटचं वाक्य टायमरकडे न बघता म्हण." असं. आणि ती गोष्ट वहीत लिहून ठेवा, पुढच्या वेळी फक्त तेवढीच बघा. मोठ्यांपेक्षा मुलांचा फीडबॅक नेमका असतो असा माझा अनुभव आहे, फक्त महिनाभर त्यांना ही पद्धत शिकवावी लागते.

माईक आणि हॉल

तोंडापासून चार बोटं अंतर, जाळीवर हात ठेवायचा नाही, स्पीकरच्या समोर उभं राहायचं नाही, नाहीतर माईक शिट्टी मारतो. देवळाच्या सभामंडपात आवाज घुमतो, तिथे जोरात नाही, सावकाश बोलायचं आणि दोन वाक्यांत श्वासभर थांबायचं. पावसात पत्र्याच्या शेडमध्ये काहीच ऐकू येत नाही, त्या दिवशी गोल करून जवळ बसा. आणि लायट जाणारच, म्हणून महिन्यातला एक रविवार ठरवून माईकशिवाय घ्या.

सगळं वर्ष स्पर्धेभोवती

१८ जून, १ ऑगस्ट, १९ डिसेंबर. गोव्याचा क्रांतिदिन, टिळक पुण्यतिथी, गोवा मुक्तिदिन. या तारखा आल्या की क्लबमधली तीन हुशार मुलं निवडायची आणि सगळा वेळ त्यांच्यावर घालवायचा हे फार ठिकाणी बघितलंय. ट्रॉफी येते, फोटो येतो, बाकीची बावीस मुलं टाळ्या वाजवायला शिकतात. स्पर्धेची तयारी वेगळ्या दिवशी घ्या, रविवार सगळ्यांचा राहू दे.

आणि या दिवसांचा खरा उपयोग करता येतो. १८ जून १९४६ला मडगावात डॉ. राममनोहर लोहिया सभाबंदी मोडून बोलायला उभे राहिले आणि त्यांना अटक झाली, आज ते मैदान त्यांच्याच नावाने आहे. परवानगीशिवाय चार माणसांसमोर बोलणं हाच गुन्हा होता त्या काळात. ठरावीक निबंध पाठ करण्यापेक्षा मुलांना घरातल्या, वाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांकडे पाठवा, १९६१ची गोवा मुक्ती ज्यांना आठवते अशी माणसं आता सत्तरीच्या पुढची आहेत. त्यांना विचारून येऊन बोलायला लावा. पुस्तकातलं हवं तर पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात न्या. स्वतः विचारून आणलेलं मूल कधी विसरत नाही.

क्लब आधीच गळालाय तर

आधी वेळ बघा. पावसाळ्यात सहा-साडेसहाला अंधारून येतं आणि आतल्या गावाची बस चुकली तर मुलींना पुढच्या वेळी घरून सोडत नाहीत, म्हणून बसचा टाईम विचारून क्लब संपवा, क्लबच्या टाईमने बस येणार नाही. मग बघा की आई-बाबा हॉलमध्ये बसतात का. बसत असतील तर त्यांना बाहेर चहाला पाठवा, आपल्या वडिलांसमोर चूक करायची हिंमत फार थोड्या मुलांत असते.

त्यानंतर जी मुलं सुटली त्यांना ग्रुपवर "सर्वांनी उपस्थित राहावे" असा मेसेज टाकू नका. एकेकाला फोन करा. का येत नाहीस हे विचारू नका, काम सांगा: "या रविवारी टायमर नाहीये, येशील का?" आलं की पहिल्या पंधरा मिनिटांत गटात बसवा आणि दोन मिनिटं बोलू द्या, विषय त्याच्या आवडीचा. परीक्षेच्या महिन्यात क्लब बंद ठेवायचा असेल तर उघडपणे बंद ठेवा, आणि परत सुरू व्हायची तारीख आणि त्या दिवशी कोण कोणतं काम करणार त्याची यादी बंद करायच्या दिवशीच ग्रुपवर टाका.