दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर बनवताय? उगाच भारी करू नका, या चुका टाळा

छोट्या दुकानांना बिलिंग सॉफ्टवेअर बनवून देणं हा माझा धंदा, टीम म्हणजे मी आणि अजून एक मुलगा. खालच्या बहुतेक चुका मी स्वतः करून बसलोय.

सुरुवातीला तीन काउंटरच्या किराणा दुकानासाठी मी आठ सर्व्हिसेस, म्हणजे वेगवेगळे चालणारे छोटे प्रोग्रॅम, केल्या होत्या, स्टॉक वेगळा, बिल वेगळं, लॉगिन वेगळं, सगळं क्लाउडवर, आणि दिवाळीच्या आधीच्या शनिवारी दुकानातलं नेट गेलं. मालकांनी वही काढली. मी घरी बसून लॉग, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नोंदी, चाळतोय! ॲमेझॉन प्राइम व्हिडिओच्या एका टीमनं २०२३ मध्ये जाहीर लिहिलं होतं की व्हिडिओची क्वालिटी तपासणारी त्यांची सिस्टिम तुकड्यातुकड्यांची होती, ती एकाच प्रोग्रॅममध्ये आणली आणि खर्च ९० टक्क्यांहून जास्त कमी झाला. मग आपल्या तूरडाळीला आठ सर्व्हिसेस कशाला?

आता एक प्रोग्रॅम, एसक्यूलाइटची (सगळा डेटा एकाच फाइलमध्ये ठेवणारा डेटाबेस) एक फाइल, दुकानातल्याच पीसीवर. पण इथंही लोक हमखास फसतात. ती फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये टाकतात आणि तिन्ही पीसीवरून थेट उघडतात. मग कधी 'डेटाबेस लॉक्ड' येतं, कधी फाइलच खराब होते, कारण नेटवर्क फोल्डरवर फाइलचं लॉकिंग, म्हणजे एकाच वेळी दोघांनी लिहू नये म्हणून लागणारं कुलूप, भरवशाचं नसतं. फाइल एकाच पीसीवर ठेवा, प्रोग्रॅम तिथंच चालू द्या, बाकीचे काउंटर ब्राउझरमधून जोडा. आणि चालू प्रोग्रॅमची फाइल नुसती कॉपी-पेस्ट केली म्हणजे बॅकअप झाला असं नाही, एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअप कमांड आहे ती वापरा, आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या पीसीवर उघडून बघा.

सोपं ठेवायचं म्हणून मी एक भलतीच काटछाट केली होती ती पण सांगतो. जीएसटीचा रेट फक्त आयटमच्या टेबलमध्ये ठेवला, बिलात नाही, म्हटलं एकच गोष्ट दोनदा कशाला लिहायची. २२ सप्टेंबर २०२५ ला रेट बदलले, टूथपेस्ट १८ वरून ५ टक्क्यांवर आली, आम्ही आयटममध्ये ५ केलं आणि ऑगस्टचं बिल परत प्रिंट केलं तर त्यातही ५! गिऱ्हाइकाच्या हातातला कागद वेगळा, आपला वेगळा. बिल करताना त्या वेळचा रेट आणि किंमत बिलाच्या ओळीतच लिहून टाका, ती परत बदलायची नाही. रिपीट वाटतं, पण नाहीये, तो त्या दिवसाचा रेकॉर्ड आहे.

स्टॉकची यादी एक्सेलमधून आणताना बारकोड ८.९ई+१२ असा काहीतरी दिसायला लागला तर घाबरू नका. आपल्याकडचे ८९० ने सुरू होणारे बारकोड १३ आकडी असतात, एक्सेल त्यांना मोठी संख्या समजतं. तसंच सीएसव्ही (साधी टेक्स्ट फाइल) म्हणून सेव्ह केलंत तर मात्र मागचे आकडे गेले. फाइल डबल क्लिक करून उघडू नका, इम्पोर्ट करा आणि त्या कॉलमला आधी टेक्स्ट करा.

धंद्यातली चूक एकच सांगतो, पण ती सगळ्यात महागात पडली. "दादा, फक्त एवढं एक बटण द्या ना." दिलं. दुसऱ्याला वेगळा प्रिंट दिला. प्रत्येकासाठी कोडची वेगळी कॉपी करत अकरा कॉप्या झाल्या, राउंड ऑफची एक चूक एकेका कॉपीत जाऊन सुधारत बसलो आणि बाराव्या दिवशी कळलं की एक कॉपी राहिलीच होती. आता तीन दुकानांनी तेच मागितलं तरच ते सगळ्यांना मिळतं, नाहीतर सरळ नाही म्हणतो. पाच प्लॅन होते तेही बंद केले, वर्षाला एकच रक्कम. "आमच्या प्लॅनमध्ये काय येतं हो?" असा फोन आला की मलाच उघडून बघावं लागायचं. नाही म्हटल्यावर दोन दुकानं सोडून गेली, त्यातल्या एकाकडे मी अजून साखर घेतो, बिल दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरचं असतं.