इंजिन काम झाल्यावर गाडी हीट मारतेय? हेड परत खोलायच्या आधी एवढं बघा

सिलिंडर बोर करून आले, नवीन पिस्टन-रिंगा पडल्या, सिलिंडरांवर बसणारं हेड फेस, म्हणजे घासून सपाट, होऊन आलं, पैसे मोजले, गाडी घरी आली आणि तिसऱ्या दिवशी टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्यात. आमच्याकडे बाबांच्या 1997 च्या मारुती 800 चं अगदी हेच झालं. इथे इंदूरमध्ये कोणालाही विचारा, एकच उत्तर येतं, "भिया, अभी टाइट है, चलते-चलते खुल जाएगी". यात थोडं तथ्य आहे, नवीन रिंगा सिलिंडरला घासत असतात म्हणून पहिले पाचशे-हजार किलोमीटर काटा नेहमीपेक्षा जरासा वर राहू शकतो. पण जरासाच. पाणी उकळून बाहेर फेकणं म्हणजे टाइट असणं नाही, तो फॉल्ट आहे, आणि तशीच चालवत राहिलात तर ॲल्युमिनियमचं हेड वाकतं आणि केलेलं सगळं काम पाण्यात जातं. म्हणून काटा लालकडे निघाला की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आणि कमीत कमी अर्धा-पाऊण तास जाळीच्या, म्हणजे रेडिएटरच्या, झाकणाला हात लावू नका. गरम इंजिनवर गार पाणी ओतणं तर अजिबात नाही, हेडला तडा जायला तेवढं पुरतं.

आता मुख्य गोष्ट. काहीही खोलायच्या आधी दोन दिवस फक्त एवढं लिहून ठेवा की गाडी हीट कधी होते. सिग्नलला उभी असताना की पळताना, की सकाळी सुरू केल्यावर पाच मिनिटांतच? निम्मं उत्तर यातच मिळतं. उभी असताना गरम होते आणि रिंग रोडला लागल्यावर काटा खाली येतो, म्हणजे हवा कमी पडतेय, फॅन बघा. शहरात ठीक पण चढावर किंवा ऐंशीच्या स्पीडला गरम होते, म्हणजे पाणी पुरेसं फिरत नाही किंवा जाळी चोक आहे, नाहीतर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, चुकलंय. थंड इंजिन सुरू केल्यावर लगेच, तर एअर लॉक (पाण्यात अडकलेली हवा), पाण्याचा रस्ता उघडणारा-बंद करणारा थर्मोस्टॅट किंवा हेड आणि ब्लॉकमधलं हेड पॅकिंग.

आमची गाडी पहिल्या प्रकारातली. भंवरकुआंच्या ट्रॅफिकमध्ये काटा चढायचा, पुढे मोकळा रस्ता मिळाला की उतरायचा. फॅन चालू होता, आवाजही येत होता, म्हणून मेकॅनिकने तिकडे बघितलंच नाही आणि सरळ हेड उघडायची गोष्ट सुरू केली. मग मी एक साधी टेस्ट केली, फॅन चालू असताना जाळीच्या पुढच्या बाजूला नईदुनिया पेपरचं एक पान धरलं. फॅन जाळीच्या मागे असतो आणि हवा आत ओढतो, म्हणजे पान जाळीला चिकटून बसायला पाहिजे. ते उडून माझ्या अंगावर आलं! इंजिन उतरवताना फॅनच्या वायरी कापल्या होत्या आणि परत जोडताना प्लस-मायनस उलटं झालं, त्यामुळे मोटर उलटी फिरून गरम हवा पुढे ढकलत होती. दोन वायरींची अदलाबदल केली, दहा मिनिटांचं काम. त्याच वेळी फॅनभोवतीचं प्लास्टिकचं कव्हर परत बसवलंय का तेही बघा, ते नसेल तर फॅन आजूबाजूचीच हवा घुसळत राहतो आणि जाळीतून ओढत नाही. फॅन सुरूच होत नसेल तर पाणी तापल्यावर फॅन सुरू करणाऱ्या थर्मोस्विचच्या दोन वायरी काढून एकमेकींना जोडून बघा, फिरला तर स्विच खराब, नाही फिरला तर फ्यूज, रिले, मोटर.

यानंतर एअर लॉक, कारण इंजिन पूर्ण रिकामं करून भरलं की आत हवा अडकतेच. गाडीचं तोंड चढावर येईल अशी उभी करा, हीटरचा नॉब पूर्ण गरमवर, इंजिन थंड असताना झाकण काढा, सावकाश भरा, मग स्टार्ट करून झाकण उघडंच ठेवा आणि मधून मधून जाळीचा वरचा पाइप हाताने दाबत राहा. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, भरत राहा. दहा-पंधरा मिनिटांत बुडबुडे थांबले तर ती हवाच होती. थांबतच नाहीत आणि रेस दिल्यावर वाढतात, तर गोष्ट वेगळी, त्यावर पुढे सांगतो.

भरताना बोअरचं पाणी घालू नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, बादलीला पांढरा थर बसतो ना, तोच थर जाळीच्या नळ्यांत बसतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट अर्धं-अर्धं. आणि झाकणाला किरकोळ समजू नका. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथे उघड्या भांड्यात पाणी 98 डिग्रीच्या आसपासच उकळतं. 0.9 हा दाबाचा आकडा लिहिलेलं झाकण नीट दाब धरत असेल तर तेच पाणी जवळपास 120 पर्यंत उकळत नाही. रबर कडक झालेलं जुनं झाकण असेल तर हा सगळा फायदा गेला, मग बाहेर 42 डिग्री असताना गाडी पाणी फेकणारच. झाकण स्वस्त आहे, इंजिन कामाबरोबर नवीनच घ्या.

थर्मोस्टॅटबद्दल मला जरा कळकळीने सांगायचंय, कारण आपल्याकडे गाडी हीट झाली की पहिला इलाज म्हणजे तो काढून फेकणे. करू नका. इंजिन थंड चालतं, पेट्रोल जास्त खातं, नवीन रिंगा नीट बसत नाहीत, आणि काही गाड्यांत तर पाणी बायपासनेच फिरत राहतं आणि जाळीपर्यंत पुरेसं पोचत नाही, म्हणजे उलट जास्त गरम. टेस्ट घरी होते. त्यावर 82 किंवा 88 असा आकडा कोरलेला असतो. दोऱ्याला बांधून पातेल्यात लटकवा, बुडाला टेकू देऊ नका, थर्मामीटर सोडा आणि गॅस लावा. कोरलेल्या आकड्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे. 88 वाला आपल्या पातेल्यात पूर्ण उघडलेला कदाचित दिसणार नाही, कारण पाणी आधीच उकळतं, तेवढ्यावरून फेकून देऊ नका. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनकडे आणि छोटी हलणारी पिन वरच्या बाजूला, हवा तिथूनच निघते.

आता चढाववाली केस. फॅन ठीक झाल्यावर आम्ही ओंकारेश्वरला गेलो, जाताना काही नाही, परत येताना भेरूघाटाच्या चढावर काटा परत वर. इथे हवा नाही तर पाण्याचा प्रश्न होता. इंजिन कामात ब्लॉक धुतला जातो, सुटलेला गंज आणि चुन्याचे तुकडे नंतर फिरत फिरत जाळीत जाऊन बसतात, आणि जोडणाऱ्याने सिलिकॉन जास्त लावला असेल तर त्याच्या गाठीसुद्धा. इंजिन गरम करून बंद करा आणि लेझर थर्मामीटरने जाळीवर जागोजागी माप घ्या. गरम बाजूकडून थंड बाजूकडे तापमान हळूहळू उतरायला हवं, मध्येच एखादा पट्टा एकदम गार लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. आमच्या जाळीचा खालचा जवळजवळ एक तृतीयांश भाग गार होता. तांब्या-पितळेची जाळी असेल तर टाकी सोडवून नळ्यांत सळई फिरवून साफ करतात, ॲल्युमिनियमची असेल तर बदलणंच बरं.

जाळी साफ असूनही चढावर गरम होत असेल तर खालचा पाइप रेस दिल्यावर पिचकतो का बघा, वॉटर पंपाचा बेल्ट अंगठ्याने दाबून बघा, सेंटीमीटरपेक्षा जास्त दबायला नको, आणि वॉटर बॉडी, म्हणजे हा पंपच, जुनीच परत बसवली असेल तर तिचा पंखा शाफ्टवर सैल नाही ना हेही. मग टायमिंग. प्लगना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर काढून बसवलेला असतो, टायमिंग बेल्ट नवीन पडलेला असतो, एक दातसुद्धा मागे पडला तर पेट्रोल उशिरा जळतं आणि ताकदीऐवजी उष्णता तयार होते. खूण अशी की गाडी ओढत नाही, पाय जास्त दाबावा लागतो, सायलेन्सरचा पुढचा भाग भट्टीसारखा तापतो. टायमिंग लाइट लावून बघायला सांगा, कानाने नाही. प्लग काढून बघा, पांढरेफटक असतील तर मिक्स्चर पातळ आहे, एखादा व्हॅक्यूमचा पाइप लावायचा राहिला असणार.

हे सगळं ठीक निघालं तरच हेडकडे वळा. इंजिन रात्रभर थंड ठेवा, सकाळी स्टार्ट करा आणि वरच्या पाइपवर हात ठेवा. एक-दोन मिनिटांत, पाणी अजून कोमटही झालेलं नसताना पाइप दगडासारखा कडक झाला तर सिलिंडरचा गॅस पाण्यात घुसतोय. ते न थांबणारे बुडबुडेही त्याचेच. खात्रीसाठी निळं लिक्विड मिळतं, जाळीच्या तोंडावरची हवा त्यातून ओढतात, पेट्रोल गाडीत ते पिवळं पडलं की गॅस घुसतोय हे नक्की. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा, शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी आले तर पॅकिंग मधोमध उडालंय. डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखं काही दिसलं तर ऑइलमध्ये पाणी गेलंय, गाडी अजिबात स्टार्ट करू नका.

हेड उघडलंच तर समोर उभे राहा. जुनं पॅकिंग फेकू देऊ नका, ब्लॉकवर ठेवून भोकं जुळवून बघा, उलटं बसलं असेल तर पाण्याचे रस्तेच बंद होतात. पण पॅकिंगची काही भोकं ब्लॉकच्या भोकांपेक्षा मुद्दाम लहान असतात, पाणी मागच्या सिलिंडरपर्यंत जावं म्हणून, ती कोणी ड्रिलने मोठी करायला निघाला तर थांबवा. हेडवर सरळ पट्टी ठेवून खालून 0.05 मिलिमीटरची फीलर पट्टी घालून बघा, जात असेल तर हेड परत फेसिंगला. बोल्ट टॉर्क पान्यानेच, मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत.

अजून एक खूण, गरम झाल्यावर सेल्फ इंजिन फिरवत नाही आणि तासाभराने थंड झालं की आरामात फिरवतो, असं असेल तर पिस्टनला गॅप कमी दिलाय. ते चालवून खुलत नाही, बोरवाल्याकडेच परत न्यावं लागतं.

आमची जाळी साफ होऊन आल्यावर पुढच्या रविवारी परत सिमरोलच्या पुढे गेलो, घाट उतरून तोच चढ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढलो, दुपारी दोनला, मुद्दाम. काटा अर्ध्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना झाकण उघडलं तर पाणी काठोकाठ होतं, जाळीला जोडलेल्या कूलंटच्या बाटलीतली पातळीही जिथल्या तिथे.