बार्बारोसा डोक्यात बसत नसेल तर नकाशा घ्या अन् असं करा

दुसरं महायुद्ध वाचता वाचता २२ जून १९४१ ला, म्हणजे जर्मनीच्या सोव्हिएत संघावरच्या हल्ल्याला (त्याचंच नाव ‘बार्बारोसा’) पोचलं की बरेच जण अडकतात, तीस लाखांवर जर्मन सैनिक, हजारो रणगाडे, सेनापतींची नावं, सगळी खिचडी होते. तर आधी पुस्तक मिटा. नागपूरच्या बर्डी बाजारातून युरोपचा प्राकृतिक नकाशा आणा, नद्या-दलदल दिसणारा, राजकीय नको. त्यावर पेन्सिलीनं तेव्हाची सीमा काढा, पोलंड १९३९ लाच जर्मनी अन् सोव्हिएत संघानं वाटून घेतला होता त्यामुळे ती ब्रेस्तजवळून जाते, आताच्या सीमांवर भरवसा ठेवाल तर फसाल.

आता सीमेपासून तीन दोरे लावा, जर्मन फौजा निघाल्या त्या तीन वाटांचे. एक लेनिनग्राडला (आजचं सेंट पीटर्सबर्ग), एक मॉस्कोला, एक कीव्हला. मधल्या अन् खालच्या दोऱ्यामधे प्रिप्यातची दलदल येते, ती रंगवाच, दोन्ही फौजा तिच्यामुळेच एकमेकींपासून तुटक चालल्या.

मग मधल्या दोऱ्यावर तारखा टाका. मिन्स्क २८ जून, म्हणजे आठवडाभरात तीनशेवर किलोमीटर! स्मोलेन्स्क जुलैच्या मध्यात. पण मॉस्कोवरची मोठी चढाई थेट ऑक्टोबरमधे. मधे काय झालं? रणगाडे कीव्हकडे वळवले, तिथे सप्टेंबरात प्रचंड सोव्हिएत फौज वेढली गेली. ब्रेस्त ते मॉस्को हजारेक किलोमीटर, आपल्या नागपूरहून दिल्ली गाठण्याइतकंच, फक्त इथे दाणागोटा अन् पेट्रोल मागून ओढत न्यायचं, तेही लाखो घोड्यांवर.

इथेच रूळांचं बघा. रशियन गेज (दोन रूळांमधलं अंतर) १५२४ मिमी, जर्मन १४३५. जर्मन डबे पुढे जाईनात, रूळ सरकवत बसावं लागलं. हा भाग पुस्तकात दोन ओळीत उरकतात, काहून ते माहीत नाही, खरी गंमत तर इथेच आहे. नागपुरातल्या मोतीबागच्या नॅरोगेज (अरुंद रूळांच्या) रेल्वे म्युझियमला चक्कर मारा, गेज बदललं की सगळं कसं बदलते ते लगेच कळेल.

हल्ला सोव्हिएतांना अचानक कसा वाटला त्यासाठी वेगळा कागद घ्या, दोन रकाने: ‘कानावर आलेलं’ अन् ‘खरं मानलेलं’. पहिल्यात तोक्योहून सोव्हिएत हेर झोर्गेनं पाठवलेले इशारे, सीमेवर जमलेली फौज. दुसऱ्यात जर्मनीशी झालेला १९३९ चा अनाक्रमणाचा करार, अन् ब्रिटनशी लढाई सुरू असताना हिटलर इकडे वळणार नाही हा स्तालिनचा हिशोब. हल्ल्याच्या रात्रीपर्यंत सोव्हिएत धान्याच्या गाड्या जर्मनीकडे जाऊन राहिल्या होत्या, ते दुसऱ्याच रकान्यात लिहा.

अन् परीक्षेच्या पेपरात ‘जर्मन थंडीमुळे हरले’ एवढंच लिहू नका राजेहो, ऑक्टोबरच्या चिखलातच गाडी रुतली होती, ५ डिसेंबरचा सोव्हिएत प्रतिहल्ला त्यानंतरचा.