बारव साफ करायचीय? मग फावडं जरा बाजूला ठेवा

होळी झाली की आमच्या ग्रुपवर कुणीतरी मेसेज टाकतंच, आपल्या बारवेचा (पायऱ्यांच्या जुन्या विहिरीचा) पार उकिरडा झालाय, रविवारी सगळे या. आणि पोरं येतात पण, कुदळ, फावडी, घमेली घेऊन, कुणाच्या तरी ओळखीचा जेसीबी पण तयार असतो. उत्साहाची कमी आपल्याकडं कधीच नसते हो, पण साफसफाई हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे, खरी भानगड त्याच्या आधी आणि नंतर असते.

पहिलं काम तलाठ्याकडं. बारव कुणाच्या नावावर आहे ते सातबाऱ्यावर बघा, गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ बघा, कारण गावाला आपली वाटणारी बारव बरेचदा कागदावर कुणाच्या तरी जमिनीच्या गट नंबरात निघते आणि गाळ काढला की तो माणूस बांधावर येऊन उभा राहतो. त्याला आधीच भेटा, चहा प्या, लेखी संमती घ्या. मग बारव संरक्षित आहे का ते विचारा. केंद्राच्या यादीत असेल तर १९५८ चा कायदा लागतो, राज्याच्या यादीत असेल तर १९६० चा, आणि दोन्हीकडं पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय दगड हलवायचा नाही. कुठल्याच यादीत नसेल (बहुतेक गावांची हीच गत) तर ग्रामसभेत ठराव घ्या. १ मेची ग्रामसभा यासाठी बेस्ट, पाणी पण तेव्हा तळाला गेलेलं असतं.

दुसरं, फोटो. काहीही उचलायच्या आधी चारही बाजूंनी, प्रत्येक टप्प्याचे, प्रत्येक देवकोष्ठाचे (भिंतीतल्या देवाच्या कोनाड्याचे), शेजारी टेप धरून. उतरायच्या वाटा किती तेही लिहा, एक वाट असली तर नंदा, दोन भद्रा, तीन जया, चार विजया, अशी जुनी नावं आहेत. शिलालेख सापडला तर त्याला हात लावू नका. आमच्यातल्या एका उत्साही कार्यकर्त्यानं अक्षरं नीट दिसावीत म्हणून तारेच्या ब्रशनं घासली आणि वर पांढरा ऑइल पेंट भरला, त्यातल्या दोन ओळी आता कुणालाच वाचता येत नाहीत. त्यापेक्षा रात्री जा, टॉर्च दगडाला चिकटवून आडवा धरा, सावली पडली की दिवसा न दिसणारी अक्षरं आपोआप वर येतात, तसा फोटो काढून जाणकाराला पाठवा. साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटेची विहीर १७१९ ते १७२४ मध्ये विरूबाई भोसले यांनी बांधून घेतली हे तिथल्या लेखामुळंच कळतं, तो लेख असा कुणी घासला असता तर काय राहिलं असतं सांगा.

आता गाळ. जेसीबी नको म्हणजे नकोच, बकेट पायरीच्या कोपऱ्याला एकदा लागलं की कोपरा गेला, आणि जड मशीन काठावर उभं केलं तर आधीच फुगलेली भिंत आत यायला वेळ लागत नाही. माणसांची साखळी करा आणि घमेली हातोहात वर जाऊ द्या. परभणी जिल्ह्यातल्या वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव गावकऱ्यांनीच अंगमेहनतीनं मोकळी केली, म्हणजे हे होऊ शकतं. पाणी असेल तर पंपानं एका दिवसात तळ दाखवायची घाई नको, भिंतीमागची माती ओली असते आणि आतला पाण्याचा आधार एकदम गेला की भिंतीतले दगडी चिरे सुटतात, म्हणून थोडं थोडं उपसा. तोंड बुजलेल्या आडात एकट्यानं उतरायचं नाही, खाली हवा खराब असू शकते. सर्पमित्राचा नंबर सेव्ह असू द्या, लागतोच.

भिंतीत पिंपळ किंवा उंबर असेल तर उपटू नका. मुळं चिऱ्यांच्या सांध्यात पार आत गेलेली असतात, झाड ओढलं की चार चिरे घेऊन बाहेर येतं. बुंध्याजवळ कापा, परत फुटलं की परत कापा, हे दोन-तीन वर्षांचं काम आहे. सुटलेल्या चिऱ्यांवर खडूनं नंबर टाका आणि जिथं पडलेत तिथंच ठेवा.

गाळात मूर्ती निघाली की गर्दी होते, कुणी लगेच शेंदूर घेऊन येतो, कुणी म्हणतो देवळात नेऊ. थांबवा. जागेवर फोटो, पोलीस पाटील आणि तलाठ्यासमोर पंचनामा आणि तहसीलदारांना पत्र. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून चालू आहे, जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही पुरलेलं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

सगळं झाल्यावर खरा धोका येतो, तो म्हणजे निधी. निधी आला की सिमेंट, फरशी आणि रंग येतो. चुन्यातल्या भिंतीला सिमेंट लावलं की ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात, वर्ष-दोन वर्षं छान दिसतं आणि मग खपल्या. चुनकळी (भाजलेल्या चुनखडीचे खडे) विरवून, वीटकूट घालून चुन्याच्या घाण्यात मळलेला चुना वापरा, कारागीर कमी उरलेत पण जुन्या वाड्यांचं काम करणाऱ्यांकडं विचारलं तर मिळतात. ठरावातच लिहून घ्या की सिमेंट आणि ऑइल पेंट चालणार नाही, नंतर तोंडी सांगून कंत्राटदार ऐकत नाही.

पाणी साठलं की डासांसाठी गप्पी मासे सोडा, आणि महाशिवरात्रीला दीपोत्सव करणार असाल तर पणत्या द्रोणात ठेवा, दगडावर तेल सांडलं की तो काळा डाग निघत नाही. आमच्या तिसऱ्या पायरीवर अजून आहे.