अ‍ॅक्रोबॅटमधले प्लगइन चालेनासे झाले? आधी या चुका टाळा

छपाईच्या आणि डीटीपीच्या (संगणकावर पाने मांडण्याच्या) कामात पीडीएफ हाताळणारे अ‍ॅडोबीचे नुसते अ‍ॅक्रोबॅट क्वचितच पुरते. १६ पानी फॉर्म (एका कागदावर एकत्र छापायची पाने) लावण्यासाठी क्वाइट इम्पोझिंग, छपाईआधीच्या तपासणीसाठी पिटस्टॉप असे एखादे प्लगइन, म्हणजे जादा सोय देणारा जोडप्रोग्रॅम, त्यात बसवलेले असतेच, आणि काम अंगावर आलेले असताना नेमके त्याचेच नाव मेन्यूतून नाहीसे होते. अशा वेळी बहुतेक जण प्लगइन काढून टाकतात आणि पुन्हा इन्स्टॉल करतात. ही पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण मूळ कारण तसेच राहते आणि लायसन्स आधी डिअ‍ॅक्टिव्हेट केले नसेल तर ते नव्याने सुरू करून घेण्यासाठी विक्रेत्याच्या मागे लागावे लागते.

त्याऐवजी बिघाड कोणत्या जातीचा आहे ते आधी ठरवावे. प्लगइन मुळात लोडच झालेले नाही, लोड झाले आहे पण त्याची बटणे मंद दिसतात, किंवा ते चालते पण परिणाम चुकीचा देते, या तीन वेगवेगळ्या अवस्था आहेत. पहिली अवस्था ओळखण्यासाठी 'हेल्प' मेन्यूतील 'अबाउट थर्ड-पार्टी प्लग-इन्स' ही यादी पाहावी. तिथे नाव असेल तर प्लगइन लोड झालेले आहे. अ‍ॅक्रोबॅटच्या नव्या रूपात जुने मेन्यू वरच्या डाव्या कोपऱ्यातील 'मेन्यू' या बटणात गेले आहेत, त्यामुळे प्लगइन जागेवर असूनही ते गेले असा समज अनेकांचा होतो.

नाव यादीत नसेल तर

अशा वेळी ३२-बिट आणि ६४-बिट या प्रोग्रॅमच्या दोन जातींचा मेळ आधी तपासावा. अ‍ॅडोबीने २०२१ पासून विंडोजवर अ‍ॅक्रोबॅट ६४-बिट स्वरूपात द्यायला सुरुवात केली. विंडोजवरचे प्लगइन म्हणजे एपीआय हे एक्स्टेन्शन असलेली फाइल, आणि ती आतून डीएलएल, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमने आपल्यात घेऊन चालवायची फाइलच असते. ६४-बिट प्रोग्रॅम आपल्या पोटात ३२-बिट डीएलएल घेऊच शकत नाही. त्यामुळे जुने, विकत घेतलेले, वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेले प्लगइन नव्या संगणकावर कितीही वेळा इन्स्टॉल केले तरी दिसत नाही, आणि त्यात प्लगइनचा दोष नसतो. अ‍ॅक्रोबॅट कोणत्या जातीचे आहे ते 'अबाउट' खिडकीत आवृत्तीच्या क्रमांकाजवळ लिहिलेले असते. ते पाहून प्लगइनच्या कंपनीकडून त्याच जातीची आवृत्ती मागवावी. तशी ती निघालीच नसेल तर ३२-बिट अ‍ॅक्रोबॅटवर राहणे एवढाच मार्ग उरतो.

जात जुळत असेल तर 'प्रेफरन्सेस'मधील 'जनरल' विभाग उघडून 'यूज ओन्ली सर्टिफाइड प्लग-इन्स' या चौकोनात खूण आहे का ते पाहावे. ती खूण असली की बाहेरच्या कंपनीचे प्लगइन लोड होत नाही, आणि खूण काढल्यावर अ‍ॅक्रोबॅट पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय बदल लागू होत नाही. कार्यालयातील संगणकावर हा चौकोन बदलताच येत नसेल, तर तो बहुधा आयटी विभागाने मुद्दाम बंद केलेला असतो. तिथे रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात) हात घालण्यापेक्षा रीतसर परवानगी मागितलेली बरी.

मोफत अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये स्टँडर्ड किंवा प्रोसाठीचे प्लगइन चालत नाही. रीडरसाठीचे प्लगइन अ‍ॅडोबीच्या खास परवानगीने वेगळे तयार करावे लागते. सदस्यत्वाची मुदत संपली किंवा खात्यातून साइन-आउट झाले की तेच ६४-बिट अ‍ॅप रीडरसारखे वागू लागते, म्हणून अचानक गायब झालेल्या प्लगइनसाठी आपण साइन-इन आहोत का हेही पाहून घ्यावे.

वर्डमधला 'अ‍ॅक्रोबॅट' टॅब नाहीसा होणे हा मात्र निराळा प्रकार आहे. तो टॅब पीडीएफमेकर नावाच्या, वर्डला जोडलेल्या कॉम अ‍ॅड-इनमुळे दिसतो, आणि वर्ड सुरू होताना अडचण आली की वर्ड स्वतःच ते बंद करते. उपाय वर्डच्या 'ऑप्शन्स'मधील 'अ‍ॅड-इन्स' विभागात, 'डिसेबल्ड आयटम्स' आणि 'कॉम अ‍ॅड-इन्स' या दोन याद्यांत सापडतो.

बटणे मंद असतील तर फाइलकडे पाहावे

प्लगइन यादीत आहे, मेन्यू उघडतो, पण काहीच दाबता येत नाही, अशा वेळी दोष बहुधा समोरच्या फाइलमध्ये असतो. कंट्रोल आणि डी दाबून 'सिक्युरिटी' हा टॅब पाहिला की त्या फाइलमध्ये बदल करण्याची मुभा आहे की नाही ते कळते. डिजिटल स्वाक्षरी असलेल्या दस्तऐवजांबाबत विशेष काळजी घ्यावी. महाराष्ट्रात ऑनलाइन मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा ७/१२ उतारा हे त्याचे ओळखीचे उदाहरण आहे. अशा फाइलमधला मजकूर बदलला की स्वाक्षरी वैध राहत नाही, आणि ती तशी राहू नये यासाठीच ही व्यवस्था आहे. त्यावर प्लगइन चालवण्याचा आडमार्ग शोधू नये.

मराठी मजकुरात शोध लागत नाही, तेव्हा

'शोधा आणि बदला' करणारे प्लगइन इंग्रजी मजकुरावर नीट चालते आणि मराठीवर हात टेकते, ही तक्रार मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात प्लगइनला विनाकारण बोल लागतो. पीडीएफच्या पानावर खरे तर अक्षरे साठवलेली नसतात. फॉन्टमधल्या आकृत्यांचे क्रमांक साठवलेले असतात, आणि कोणती आकृती म्हणजे कोणते अक्षर हे सांगणारा तक्ता सोबत असेल तरच शोध लागतो. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व (सर्व लिपींसाठीची समान अक्षरसंकेत पद्धत येण्याआधीच्या) फॉन्टमध्ये केलेल्या कामात हा तक्ता मराठी अक्षरांऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हे दाखवतो. युनिकोड फॉन्ट असला तरी पहिली वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे काढली जात असल्याने 'विकास' हा शब्द बाहेर येताना 'िवकास' असा येऊ शकतो, आणि मग शोध फसतो.

तपासणी सोपी आहे. पीडीएफमधील एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करावी. तिथे जे दिसेल तेच प्लगइनला दिसते. तिथे रोमन अक्षरांचा गोंधळ असेल, तर सेटिंग बदलून काहीही साधणार नाही.

याच्याच पुढची चूक म्हणजे पीडीएफमध्ये थेट मराठी दुरुस्ती करणे. आकार लहान राहावा म्हणून फाइलमध्ये सहसा वापरलेल्याच आकृत्यांपुरता फॉन्ट घातलेला असतो. '२०२४' चे '२०२५' करायला गेल्यावर '५' हा अंक त्या फॉन्टमध्ये नसेल, तर तिथे रिकामा चौकोन येतो किंवा दुसऱ्याच फॉन्टचा अंक बसतो, आणि छापून आल्यावर तो ठळक उठून दिसतो. म्हणून शब्द बदलायचे असतील तर मूळ इनडिझाइन किंवा वर्डच्या फाइलमध्ये बदलून पीडीएफ नव्याने काढावी, आणि प्लगइनकडून पाने लावणे, कापखुणा, रंग तपासणे एवढीच कामे घ्यावीत.

दोन प्लगइन एकमेकांच्या आड येत असतील तर

अ‍ॅक्रोबॅट उघडतानाच बंद पडत असेल, तर शिफ्ट दाबून धरून ते सुरू करावे. त्या वेळेपुरती प्लगइन लोड होत नाहीत. तसे केल्यावर ते नीट उघडले, तर 'प्लग_इन्स' या फोल्डरमधील बाहेरच्या कंपन्यांची प्लगइन डेस्कटॉपवर हलवून एकेक परत आणावे, म्हणजे दोषी कोण ते समजते. अ‍ॅडोबीच्या स्वतःच्या फाइलींना मात्र हात लावू नये, कारण फॉर्म, टिप्पण्या आणि जावास्क्रिप्ट या सोयीही त्याच फोल्डरमधील प्लगइनवर चालतात. जेएस एक्स्टेन्शनच्या स्क्रिप्ट (जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या आज्ञांच्या फाइली) या फोल्डरमध्ये ठेवून उपयोग नाही. त्यांचे फोल्डर 'जावास्क्रिप्ट्स' या नावाने वेगळे असते.

एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर कंपनीला लिहिताना 'प्लगइन चालत नाही' एवढेच लिहू नये. विंडोज, अ‍ॅक्रोबॅट आणि प्लगइन या तिन्हींच्या आवृत्त्या, ३२ की ६४-बिट, पडद्यावर आलेला संदेश शब्दशः, आणि ज्यात दोष हमखास दिसतो अशी एखाद्या पानाची, गोपनीय मजकूर नसलेली पीडीएफ सोबत जोडावी.