ॲक्च्युअरी संस्थेचे विद्यार्थी सदस्यत्व घेताना या चुका टाळा

बारावीनंतर किंवा पदवी घेत असताना ॲक्च्युअरी, म्हणजे विमा, पेन्शन अशा क्षेत्रांतील जोखमीचे गणिताने मोजमाप करणारा तज्ज्ञ, व्हायचे ठरवणाऱ्या बहुतेकांचे सारे लक्ष एसीईटी या प्रवेश परीक्षेवर असते आणि ती उत्तीर्ण झाली की आपण या व्यवसायात दाखल झालो, असे त्यांना वाटू लागते. प्रत्यक्षात इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया ही परीक्षा घेते ती उमेदवाराला सदस्यत्वासाठी अर्ज करण्याची पात्रता मिळावी म्हणून. त्यानंतर स्वतंत्र अर्ज भरून, कागदपत्रे जोडून आणि शुल्क भरून विद्यार्थी सदस्यत्व घेतले नाही, तर मुख्य अभ्यासक्रमातील एकाही विषयाला बसता येत नाही. गणित, संख्याशास्त्र, माहितीचे अर्थनिर्णयन, इंग्रजी आणि तर्कबुद्धी यांवरील शंभर गुणांपैकी पन्नास गुण मिळवण्यासाठी महिनोन्‌महिने अभ्यास करणारा विद्यार्थी या पुढच्या पायरीकडे मात्र साधा फॉर्म म्हणून पाहतो, आणि पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ त्यातच असते.

एसीईटीचा निकाल कायमचा नसतो. निकाल जाहीर झाल्यापासून ३ वर्षांच्या आत सदस्यत्व घ्यावे लागते, नाहीतर प्रवेश परीक्षा पुन्हा द्यावी लागते. पदवीच्या पहिल्या वर्षी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला ३ वर्षे खूप वाटतात. पण पदवीची शेवटची परीक्षा, नोकरीच्या मुलाखती आणि नव्या नोकरीतले पहिले काही महिने यांत ती कशी सरतात, हे कळतही नाही. यावर उपाय म्हणून निकाल लागल्याच्या दिवशीच शुल्क भरावे, असे मी सांगणार नाही. सदस्यत्व घेतल्यापासून वार्षिक वर्गणी सुरू होते, आणि पुढचे वर्षभर एकही विषय देण्याची तयारी नसेल तर ती वर्गणी वाया जाते. माझ्या मते पुढच्या एक-दोन सत्रांत पहिला विषय देता येईल अशी तयारी दिसू लागली की अर्ज करावा. मात्र निकालपत्र हाती येताच मुदतीची शेवटची तारीख लिहून ठेवावी आणि तिच्या सहा महिने आधीची तारीख आपली खरी मुदत मानावी.

सदस्यत्व मंजूर होणे आणि परीक्षेसाठी नोंदणी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अनेकांच्या उशिरा लक्षात येते. परीक्षेची नोंदणी ठराविक दिवसांपुरतीच खुली असते. ती बंद होण्याच्या आदल्या दिवशी सदस्यत्वाचा अर्ज करणाऱ्याची कागदपत्रे तपासून होईपर्यंत ते सत्र हातचे गेलेले असते. म्हणून उलटे मोजावे : कोणत्या सत्रात बसायचे ते आधी ठरवावे, त्याच्या नोंदणीची तारीख पाहावी आणि सदस्यत्वाचा अर्ज त्यापूर्वी निदान दीड-दोन महिने पाठवावा.

नावाचा घोळ

अर्ज परत येण्याचे किंवा रेंगाळण्याचे सर्वांत त्रासदायक कारण म्हणजे नावातील फरक. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग विद्यार्थ्याचे नाव आणि त्यानंतर वडिलांचे नाव असते. आधार कार्डावर बहुधा स्वतःचे नाव आधी येते. पॅन कार्डावर कधी वडिलांचे नाव पूर्ण असते, तर कधी नुसते आद्याक्षर. विद्यार्थी गुणपत्रिका समोर ठेवून अर्ज भरायला बसतो आणि त्याच क्रमाने नाव लिहीत जातो. त्यामुळे पहिल्या नावाच्या चौकटीत आडनाव आणि आडनावाच्या चौकटीत वडिलांचे नाव जाते. त्या वेळी कोणाच्या लक्षात येत नाही. पण पुढे परीक्षेच्या प्रवेशपत्रावर तेच नाव छापून येते आणि केंद्रावर दाखवलेल्या ओळखपत्राशी ते जुळत नाही, तेव्हा ऐन परीक्षेच्या सकाळी खुलासे करत बसावे लागते.

हे टाळण्यासाठी अर्जाच्या आधी सगळी कागदपत्रे टेबलावर शेजारी-शेजारी मांडून नाव अक्षरन्‌ अक्षर ताडून पाहावे. इंग्रजी स्पेलिंगमधला एका ए-चा फरकसुद्धा दुर्लक्षित करू नये. परीक्षा केंद्रावर जे ओळखपत्र दाखवणार, त्यावरचे नाव प्रमाण धरावे, आणि इतर कागदांवर फरक असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्यावा किंवा त्याचा पुरावा अर्जासोबत जोडावा. लग्नानंतर नाव बदललेल्या उमेदवारांनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नोंद तयार ठेवावी. ही दुरुस्ती सदस्यत्व मिळण्यापूर्वी जितकी सोपी असते, तितकी नंतर राहत नाही, कारण तेच नाव पुढे प्रत्येक निकालपत्रावर येत राहते.

ई-मेलच्या बाबतीतही असाच निष्काळजीपणा होतो. महाविद्यालयाने दिलेला पत्ता पदवीनंतर बंद होतो आणि नोकरीतला पत्ता नोकरी सोडताच हातचा जातो, तर ही पात्रता पूर्ण व्हायला कित्येक वर्षे लागतात. वर्गणीची आठवण, प्रवेशपत्र, निकाल हे सगळे ई-मेलवर येत असल्याने स्वतःचा, कायम राहणारा पत्ताच द्यावा.

पैसे कापले गेले, पण अर्ज अडला

शुल्क भरताना खात्यातून रक्कम गेली आणि पोर्टलवर मात्र व्यवहार अपूर्ण दिसतो आहे, अशा वेळी घाबरून लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. आधी व्यवहार क्रमांक, तारीख आणि खातेउताऱ्यातील ती ओळ जपून ठेवावी, दोन-तीन कामाचे दिवस थांबावे आणि तरीही स्थिती बदलली नाही तर हे तपशील जोडून संस्थेला लेखी कळवावे. फोनवर विचारलेल्या गोष्टीची नोंद आपल्याकडे राहत नाही, ई-मेलची राहते. शेवटच्या दिवशी पैसे भरणाऱ्याला थांबायची सवडच नसते, म्हणून शुल्क मुदतीच्या आठवडाभर आधी भरलेले बरे.

दरवर्षीची वर्गणी थकली की परीक्षेची नोंदणी अडते आणि थकबाकी लांबत गेल्यास सदस्यत्वच जाऊ शकते. नोकरी लागल्यावर कंपनी वर्गणी भरणार असेल, तरी ती प्रत्यक्षात भरली गेली का, हे पाहण्याची जबाबदारी सदस्याचीच राहते.

कोणत्या संस्थेचे सदस्य व्हायचे, याबाबतचा गोंधळ थोडा वेगळा आहे. ब्रिटनमधील इन्स्टिट्यूट अँड फॅकल्टी ऑफ ॲक्च्युअरीज आणि भारतीय संस्था यांचे विषय बरेचसे सारखे असले, तरी अमेरिकेच्या सोसायटी ऑफ ॲक्च्युअरीजची रचना निराळी आहे. तेथे पी (संभाव्यता) किंवा एफएम (वित्तीय गणित) या सुरुवातीच्या परीक्षा सदस्य नसतानाही देता येतात, आणि एएसए म्हणजे असोसिएट ही पात्रता पूर्ण झाल्यावरच सदस्यत्व मिळते. त्यामुळे पी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी स्वतःला त्या संस्थेचा सदस्य म्हणवू लागला, तर ते चुकीचे ठरते. दोन संस्थांमध्ये एकाच वेळी नाव नोंदवण्यापूर्वी एका संस्थेतील विषयाची सूट दुसरीकडे कोणत्या अटींवर मिळते, हे तिच्या नियमांत वाचावे. पदवीला संख्याशास्त्र होते म्हणून सूट आपोआप मिळेल, हाही असाच एक समज आहे. सूट मागण्यासाठी वेगळा अर्ज, गुणपत्रिका आणि बहुधा वेगळे शुल्क लागते, आणि ती मंजूर होईपर्यंत तो विषय आपल्या नावावर धरता येत नाही.

आता नोकरीच्या अर्जाविषयी. १९४४ साली सुरू झालेल्या ॲक्च्युअरिअल सोसायटी ऑफ इंडियाची जागा ॲक्च्युअरीज ॲक्ट, २००६ नुसार आजच्या संस्थेने घेतली, आणि तेव्हापासून या व्यवसायाला कायद्याची चौकट आहे. विद्यार्थी सदस्य हा ॲक्च्युअरी नसतो. फेलो, म्हणजे पूर्ण पात्रता मिळवलेला सदस्य, झाल्यावरही व्यवसाय करण्यासाठी संस्थेचे सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस वेगळे घ्यावे लागते. म्हणून बायोडेटात किंवा लिंक्डइनवर नावापुढे ॲक्च्युअरी लिहू नये. ‘विद्यार्थी सदस्य, इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया’ असे लिहून त्याखाली उत्तीर्ण झालेले विषय द्यावेत. मुलाखत घेणारे बहुतेक जण स्वतः याच परीक्षांतून गेलेले असतात. त्यांना सीएस-१ (संख्याशास्त्र) आणि सीएम-१ (ॲक्च्युअरिअल गणित) या विषयांच्या दोन ओळींतून जे कळायचे ते कळते, आणि सीएस-१ मध्ये आर या संख्याशास्त्रासाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत संगणकावर सोडवायचा भाग तुम्ही कसा हाताळलात, यावर बोलायला त्यांना विषयही मिळतो.