वर्षाचा आढावा घेताना या चुका टाळा : कोकणातल्या आंबेवाल्या घरांसाठी

31 डिसेंबरला आमच्याकडे कुणालाच डोकं वर काढायला सवड नसते. होमस्टेच्या खोल्या पाहुण्यांनी भरलेल्या, कलमांना मोहोर फुटायला लागलेला, मोहोरावरचे तुडतुडे (रस शोषणारे किडे) दिसले की फवारणीची धावपळ. अशा रात्री वही उघडून मीही काही वर्षं पुढच्या सालाचे बेत लिहिले. त्यातले बहुतेक शिमग्यापर्यंतही टिकले नाहीत. पुढे कळलं, आढाव्याची वेळ चुकत होती आणि पद्धतही.

आपलं वर्ष कधी संपतं ते न पाहणं

आंब्याचं वर्ष मे अखेरीला, फार तर मिरगाच्या पहिल्या सरींत संपतं. मच्छीमारांचंही त्याच सुमाराला. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, माणसं जाळी दुरुस्त करत बसलेली. 31 मार्चचं सरकारी वर्ष तर ऐन हंगाम मधोमध कापतं. मार्चअखेरचा आकडा बघून हंगाम कसा गेला ते कळूच शकत नाही.

वेळ चुकली की नुकसान होतं ते असं. आंबा लवकर यावा म्हणून झाडाच्या बुंध्याभोवती कल्टार, म्हणजे मोहोर लवकर आणणारं औषध, घालायचं ते जुलै-ऑगस्टमध्ये. डिसेंबरात बसून "यंदा आगाप आंबा काढायचा" असं ठरवलं, तर ती वेळ चार महिन्यांपूर्वीच गेलेली असते. म्हणून माझं म्हणणं, आढावा जूनमध्येच घ्या. पेट्या संपलेल्या असतात, वाशी बाजाराची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, हातात आलेली असते, पावसामुळे बाहेरची कामंही थोडी थांबलेली असतात.

चालू साल गेल्या सालाशी ताडून बघणं

ही चूक मी सर्वांत जास्त घरांत बघतो आणि तिनंच माणसं विनाकारण खचतात. हापूस दरवर्षी सारखा धरत नाही. एक साल भरभरून, पुढचं बेताचं, हा त्याचा स्वभाव आहे. समजा, एका साली 200 पेट्या निघाल्या, पुढच्या साली 90 आणि तिसऱ्या साली 190. दुसऱ्या साली घरात सुतक असल्यासारखं वातावरण. तिसऱ्या साली "दुप्पट झाला" म्हणून आनंद, त्याच भरात कर्ज काढून नवी गाडी. खरं तर भराच्या सालाशी भराचं साल लावलं तर 10 पेट्या कमीच आल्यात, आणि त्या का कमी आल्या हे कुणी विचारलेलंच नाही. दोन-दोन सालांची जोडी करून हिशोब मांडा. चौथ्या सालीच चित्र स्पष्ट होतं, तोवर मोठा खर्च लांबवा.

हवेचं आणि आपलं एकाच खात्यात टाकणं

3 जून 2020 च्या निसर्ग वादळात ज्यांच्या वाड्या आडव्या झाल्या, त्यांनी स्वतःला बोल लावण्यासारखं काही नव्हतं. मे 2021 च्या तौक्तेतही तेच. पण उलट बाजूची चूकही आपण करतो, सगळं हवेवर ढकलतो.

एका साली आमचा मोहोर बराच गळला. ढगाळ हवा, तुडतुडे, असं मी येईल त्याला सांगत होतो. जूनमध्ये भिंतीवरचं कॅलेंडर काढून चाळलं. जानेवारीच्या पानावर पेन्सिलीनं "दुसरी फ.", म्हणजे दुसरी फवारणी, लिहिलेलं होतं आणि तिसरीची खूण ठरल्या दिवसापेक्षा नऊ दिवस पुढे. त्या नऊ दिवसांत घरात लग्न होतं. ढगाळ हवा होती हेही खरंच. पण ते नऊ दिवस माझे होते. तेव्हापासून वहीच्या पानावर मधोमध रेघ मारतो, डावीकडे हवेचं, उजवीकडे आपलं. पुढच्या सालाचे बेत फक्त उजव्या बाजूतून काढतो. त्या वर्षीचा बेत साधा होता : घरात कार्य असलं तर फवारणी कोण बघेल, ते दिवाळीतच ठरवून ठेवायचं.

बेतापुढे नाव न लिहिणं

गणपतीत मुंबईहून भाऊ येतात, जेवणं झाली की पडवीत बेत रंगतात. मागच्या परड्यात खोल्या काढू, काजूची नवी लागवड करू, पेट्या थेट गिऱ्हाइकाला पाठवू. सगळे बेत मायेपोटीच केलेले असतात. पण विसर्जन झालं की चाकरमानी गाडीत बसतात आणि सगळं मागे राहिलेल्या वहिनीच्या अंगावर पडतं. तिला कुणी विचारलेलंही नसतं. देवापुढच्या गाऱ्हाण्यात कसं नाव घेऊन, गावातल्या आणि मुंबईतल्या लेकरांसाठी मागणं घालतात, तसं प्रत्येक बेतापुढे करणाऱ्याचं नाव लिहा, आणि ते त्या माणसासमोरच लिहा. नाव सापडलं नाही तर तो बेत यंदा सोडा.

जून हुकला असेल तर

तर पुढच्या पावसाची वाट बघत बसू नका. जुनं कॅलेंडर खिळ्यावरून काढण्याआधी घरातल्या सगळ्यांना घेऊन अर्धा तास बसा. फवारणीच्या तारखा, पहिली पेटी कधी गेली, गडी कोणत्या दिवशी आले, विहिरीचं पाणी कधी खाली गेलं, एवढं वहीत उतरवून घ्या. जुलैची कामं आत्ताच नव्या कॅलेंडरच्या जुलैच्या पानावर लिहून टाका. आणि पेन्सिल दोऱ्यानं त्याच खिळ्याला बांधा, फवारणी करून आलेल्या माणसाला ती शोधायला लागता कामा नये.